उष्णता दाखवणारा कॅमेरा शाळेला कितीला पडतो?

आधी शाळेतलं लोखंडी कपाट उघडा. खालच्या कप्प्यात, सुकलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांमागे, करोनाच्या साली घेतलेली ‘टेंपरेचर गन’ अजून पडून असेल. सेल आतच राहिले असतील तर ते गळून स्प्रिंगांवर पांढरी भुकटी जमली असेल. हाताला न लावता ती जुन्या टूथब्रशाने आणि लिंबाच्या दोन थेंबांनी साफ करा, कोरडी करा, नवे सेल घाला. मग गंमत अशी होते की भिंतीवर रोखली की ही गन नुसतं ‘लो’ म्हणते. ती बिघडलेली नसते. माणसाच्या अंगाइतकंच तापमान सांगायचं असं तिला बजावलेलं असतं. बऱ्याच मॉडेलांत एक बटण दाबून धरलं की ती ‘बॉडी’वरून ‘सरफेस’वर येते आणि पाटी, पत्रा, माठ, सगळ्यांचं तापमान सांगू लागते. खर्च दोन सेलांचा.

दौंड तालुक्यातल्या केडगाव, चौफुला, पारगाव या पट्ट्यातले शिक्षक मला विचारतात, ‘थर्मल कॅमेऱ्याला बजेट किती धरायचं?’ तेव्हा मी या कपाटापासूनच सुरुवात करतो. टाळायचं म्हणून नाही. ही गन म्हणजे एकाच ठिपक्याचा थर्मल कॅमेरा असतो. कॅमेऱ्यात असे हजारो ठिपके शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या तापमानाला एकेक रंग दिलेला असतो, एवढाच फरक. वर्गातल्या भिंतीवर खडूने दहा बाय दहा चौकोन आखा, गनने प्रत्येक चौकोनाचं तापमान घ्या आणि मुलांना तो चौकोन रंगवायला सांगा. एका तासात मुलांच्या हातून थर्मल चित्र तयार होतं, आणि पुढे खरा कॅमेरा आला की त्यातले रंग कुठून येतात हे त्यांना सांगावं लागत नाही. ज्या शाळेत हा तास जमत नाही, तिथे चाळीस हजारांचा कॅमेराही शोभेची वस्तू होतो.

आता बाजाराकडे वळू. पुढचे आकडे ढोबळ आहेत. माल बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर हलला की तेही हलतात. छापील भाव न समजता घासाघीस कुठून सुरू करायची याचा अंदाज म्हणून ते वापरा.

कपाटात गन नसेल तर कारखान्यात वापरतात तशी, लाल टिपका मारणारी नवी गन 800 ते 2,000 रुपयांत मिळते. ती साध्या कामाला तीन-चारशे अंशांपर्यंत जाते. लाल टिपका लेसरचा असतो, तो कुणाच्या डोळ्यावर पडता कामा नये. सातवीच्या वर्गात ही सूचना एकदा देऊन भागत नाही.

दुसरी पायरी स्वतः जोडायच्या कॅमेऱ्याची. ‘एमएलएक्स 90640’ नावाचा संवेदक आडवे 32 आणि उभे 24, म्हणजे 768 ठिपके देतो. तो साधारण 5,000 ते 8,000 रुपयांना पडतो. त्याला चारपाचशेचा ईएसपी-32 बोर्ड, तेवढ्याच किमतीचा छोटा पडदा, एक लिथियम सेल, चार्जिंगची पट्टी आणि वायरी जोडल्या की सगळं मिळून 7,000 ते 10,000 रुपयांत चालता कॅमेरा होतो. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. संवेदक मात्र दुकानात नसला तर ऑनलाइन मागवावा लागतो. चित्र ढोबळ येतं. रुंद आणि अरुंद नजरेचे असे दोन प्रकार मिळतात. शाळेसाठी 55 अंशांचा अरुंद घ्या. त्यातही एक मीटरवरून एक ठिपका सुमारे 3 सेंमीचा होतो, म्हणून टेबलावर उमटलेला तळवा पाहायचा तर कॅमेरा वीतभर-दीड वीत अंतरावर धरावा लागतो. तरीही ज्या शाळेत सोल्डरिंग करणारा एक शिक्षक आणि नववीची चार उत्साही मुलं आहेत, तिला मी हाच घ्यायला सांगेन. बंद पडला तर तो कुठे बंद पडला हे तीच मुलं शोधतात.

भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो सुरू केला तोच ‘हाताने काम करत शिकायचं’ या विचारावर, आणि 2002 पासून तिथे फॅब लॅबही आहे. असला कॅमेरा जोडायचं मनात असेल तर आधी एक दिवस मुलांना घेऊन तिथे जाऊन या. एसटी किंवा टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं खर्चात धरा, ते वाया जात नाही.

तिसरी पायरी मोबाइलला खोचायच्या कॅमेऱ्याची. 80 बाय 60 ठिपक्यांपासून 256 बाय 192 पर्यंतचे नग 20,000 ते 40,000 रुपयांच्या दरम्यान मिळतात. इथे एक विचित्र प्रकार दिसतो. जुनी, नावाजलेली कंपनी 30,000 ला 4,800 ठिपके देते, तर नवी चिनी कंपनी त्याच पैशांत 49,152 ठिपके देते. शाळेसाठी मी दुसरीकडे झुकेन, पण भारतातली वॉरंटी आणि मराठीत किंवा हिंदीत फोन उचलणारा माणूस आहे याची खात्री करूनच. चौथी पायरी पिस्तुलासारख्या, स्वतःचा पडदा असलेल्या कॅमेऱ्याची. तो 25,000 पासून सुरू होतो आणि लाखाच्याही पुढे जातो. तो दणकट असतो, हातातून पडला तरी सहसा टिकतो, मोबाइलवर अवलंबून राहत नाही. मात्र त्याचा पडदा तळहाताएवढा असतो. पन्नास मुलं त्या पडद्याभोवती कशी उभी राहतात ते एकदा पाहाच. मागच्या तीस जणांना पुढच्या वीस जणांच्या माना दिसतात.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ठिपक्यांचा विचारू नका. ‘हे चित्र वर्गातल्या टीव्हीवर थेट दिसेल का?’ असं विचारा. मोबाइलचा कॅमेरा असेल तर मोबाइलचा पडदा स्मार्ट टीव्हीवर घेता येतो. पिस्तुली कॅमेऱ्याला त्यासाठी यूएसबी किंवा वायफायची सोय लागते आणि स्वस्त मॉडेलांत ती अनेकदा नसते. केबल, जोडणी, लागलाच तर वापरलेला मोबाइल, असे 1,000 ते 8,000 रुपये इथे धरून ठेवा. माझ्या माहितीतल्या एका शाळेने मोबाइलचा कॅमेरा हौसेने घेतला आणि खोका उघडल्यावर कळलं की त्याची पिन टाइप-सी आहे, शाळेचा मोबाइल जुन्या पिनेचा. जोडपिन लावून पाहिली, चालली नाही. कॅमेरा चार महिने खोक्यातच राहिला.

आणखी काही प्रश्न आहेत. जाहिरातीत दिलेले ठिपके खरे की सॉफ्टवेअरने फुगवलेले? संवेदकाचे मूळ ठिपके किती, ते पावतीवर लिहून मागा. तापमानाची वरची मर्यादा किती? काही स्वस्त मोबाइल कॅमेरे 120 अंशांवर थांबतात. चहाच्या किटलीला ते पुरे, चुलीला नाही. एका सेकंदात चित्रं किती येतात? निर्यातीच्या निर्बंधांमुळे बरेच कॅमेरे सेकंदाला 9 चित्रांच्या आतच ठेवलेले असतात. चित्र थोडं अडखळतं, शाळेला त्याने काही बिघडत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. किमतीत 18 टक्के जीएसटी धरला आहे का, तेही आधीच विचारा. 30,000 च्या कोटेशनवर मागाहून 5,400 वाढले की मुख्याध्यापकांचा चेहरा पाहवत नाही. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागवण्याचा मोह होतो. आयात शुल्क धरलं की स्वस्ताई आटते, आणि दुरुस्तीला परत पाठवणं म्हणजे नवा घेण्यासारखंच.

‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट हवं का?’ असं विक्रेता विचारेल. त्याचे काही हजार रुपये वेगळे लागतात. शाळेने ते घेऊ नये. स्टीलच्या पातेल्यावर बाहेरून काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, आत बर्फाचं पाणी घाला, पट्टीचं तापमान पाहा. मग तेच पाणी उकळून पुन्हा पाहा. पहिलं शून्याच्या जवळ, दुसरं 98 च्या जवळ यायला हवं. शंभर का नाही? केडगाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं. कॅमेरा तपासता तपासता हाही एक धडा होऊन जातो.

आता मूळ मुद्दा, हा कॅमेरा शिकवतो काय? सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचा पाठ आहे, त्यात वहन, अभिसरण आणि प्रारण येतं. आठवीत ‘उष्णतेचे मापन व परिणाम’, दहावीत पुन्हा ‘उष्णता’. तिन्ही ठिकाणी मुलांची एक समजूत घट्ट बसलेली असते: लोखंड थंड असतं, लाकूड उबदार असतं. हात लावला की तसंच वाटतं ना! कॅमेरा दाखवला की ही समजूत निघून जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. स्वीडनमध्ये शोनबॉर्न आणि हॅगलंड यांनी, अमेरिकेतल्या चार्ल्स शी यांच्यासह, सातवीच्या मुलांच्या हाती थर्मल कॅमेरे देऊन नेमकं हेच पाहिलं. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण अशा क्रमाने मुलांनी सुरी आणि लाकूड तपासलं. 2014 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. कॅमेऱ्यात दिसूनही धातू थंडच असतो ही समजूत मुलांनी सहजासहजी सोडली नाही. उष्णता एका वस्तूतून दुसरीत वाहते, ही कल्पनाच त्यांच्या हाताशी नव्हती.

हा निष्कर्ष मी खर्चाच्या लेखात मुद्दाम आणला. कॅमेऱ्यासाठी 30,000 असतील तर शिक्षकाच्या तयारीसाठी निदान दोन रिकाम्या दुपारी असल्या पाहिजेत, आणि त्या कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात.

बाकाचा प्रयोग असा करा. लाकडी फळी आणि लोखंडी पाय असलेला बाक रात्रभर वर्गात राहिलेला असावा. मुलांनी दोन्हींना हात लावून कोणतं किती अंशांचं असेल ते वहीत लिहावं. लिहिल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, आणि फुशारकी मारणाऱ्या मुलालाही पेन उचलायला लावायचं. मग कॅमेऱ्यात पाहा: रंगवलेला पाय आणि फळी जवळपास एकाच रंगाची दिसतात. मुलं म्हणतील, कॅमेरा खोटा. म्हणू द्या. आता फळीवर आणि लोखंडी पट्टीवर अंगठा एक मिनिट दाबून धरा आणि उचला. फळीवर अंगठ्याचा लालभडक ठसा कितीतरी वेळ राहतो. लोखंडावर तो उमटतो न उमटतो तोच विरून जातो, कारण ऊब पट्टीभर पसरलेली असते. लोखंड थंड नव्हतं, ते अंगठ्याची ऊब पळवत होतं. ‘चोर आहे सर ते’ असं एखादं पोर म्हणालं की तास वसूल झाला.

यात दोन खाचा आहेत. पहिली चकचकीत स्टीलची. डब्याच्या झाकणात कॅमेऱ्याला झाकणाचं तापमान दिसत नाही, समोर उभ्या मुलांच्या चेहऱ्यांची ऊब परावर्तित झालेली दिसते. म्हणून वस्तू रंगवलेली हवी किंवा तिला काळी चिकटपट्टी लावलेली हवी. दुसरी खाच ऋतूची. एप्रिलच्या दुपारी वर्गाचंच तापमान पस्तिशीवर गेलं की हात आणि बाक सारखेच तापलेले असतात आणि ठसा उमटतच नाही. हा तास डिसेंबर-जानेवारीत, सकाळी शाळा भरल्या भरल्या घ्या. कॅमेऱ्याची ऑर्डर एप्रिलमध्ये देऊन मेच्या सुटीत वॉरंटीचे दोन महिने घालवू नका.

बाकीचं साहित्य पाचशे रुपयांच्या आत येतं: कचऱ्याची काळी पिशवी, काचेचा तुकडा, ॲल्युमिनियमची फॉइल, मेणबत्ती, थर्मोकोल, मातीचा माठ आणि तेवढाच स्टीलचा हंडा. काळ्या पिशवीमागे हात धरला तर डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. काचेमागे धरला तर डोळ्यांना दिसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. चष्मा घातलेली मुलं पडद्यावर काळा गॉगल घातल्यासारखी दिसतात आणि त्यांचा भाव एकदम वधारतो. काच अडवते म्हणूनच या कॅमेऱ्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं, आणि किमतीचा एक मोठा वाटा तिथेच जातो. ओढणीने किंवा रुमालाने ते पुसू देऊ नका, ओरखडा गेला की गेला. कॅमेरा सूर्याकडे रोखायचा नाही, संवेदक कायमचा भाजू शकतो. मधूनच आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं, त्याने मात्र घाबरू नका. आतली झडप मिटून तो स्वतःला ताळ्यावर आणत असतो.

केडगावच्या शाळेला महागडं प्रदर्शन लागत नाही, कारण दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत. उष्णतेची अशी प्रयोगशाळा शहरातल्या शाळेला पैसे मोजूनही मिळणार नाही. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर काहील, काहिलीत उकळणारा रस, शेवटी वाफ्यात ओतलेला आणि हळूहळू निवणारा गूळ. ढेपेचा गूळ उतरतो तो सुमारे 118 ते 120 अंशांना. गुळव्या तो आकडा न पाहता, पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ओळखतो. मुलांनी गुळव्याला विचारावं, मग कॅमेऱ्यात पाहावं. उकळत्या काहिलीवर वाफेचं धुकं असतं आणि कॅमेऱ्याला रसाऐवजी ते धुकं दिसतं, त्यामुळे आकडा कमी येतो. गुळव्याचा अंदाज जिंकतो. वाफ्यातला गूळ मात्र छान दिसतो: कडा आधी निवतात, मध्य शेवटी. काहिलीपासून लांब दोरी बांधा आणि एका वेळी दहाच मुलं न्या. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर खर्च शून्य, वर गरम गूळ मिळतो. कांदा चाळीतही जाता येईल, उकिरड्यापाशीही. कुजणाऱ्या शेणखताच्या ढिगात काठी खुपसून ती बाहेर काढली की तिचं टोक कॅमेऱ्यात पेटल्यासारखं दिसतं. रेल्वेचे तापलेले रूळ पाहायचा मोह मात्र आवरा.

पैसे कुठून आणायचे? जिल्हा परिषद शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान पटाप्रमाणे येतं. 31 ते 100 पटाला 25,000 आणि 101 ते 250 पटाला 50,000 असा त्याचा तक्ता आहे. पण त्यातच वीजबिल, रंगरंगोटी, स्वच्छता, खडू सगळं बसवायचं असतं, त्यामुळे एका शाळेने त्यातून कॅमेरा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अटल टिंकरिंग लॅब मंजूर असलेल्या शाळेची गोष्ट वेगळी, तिथे 20 लाखांच्या अनुदानात हा खर्च सहज मावतो. ‘इन्स्पायर-मानक’मध्ये मुलाची कल्पना निवडली गेली तर नमुना बनवायला 10,000 रुपये त्याच्या खात्यात येतात. संवेदक जोडून केलेला कॅमेरा नेमका तेवढ्यात बसतो, मात्र कल्पना मुलाचीच हवी. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचा सीएसआर निधी हा आणखी एक मार्ग. त्यांना एका शाळेपेक्षा केंद्रातल्या दहा शाळांचा अर्ज द्या.

कारण परवडणारा हिशोब एकत्र घेण्याचाच आहे. कॅमेरा 30,000, टीव्हीला जोडणं आणि पेटी 4,000, साहित्य 2,000, एकूण 36,000. पाच शाळा मिळून घेतला तर प्रत्येकीला 7,200. प्रत्येक शाळेतली 120 मुलं धरली तर वर्षाला 600, तीन वर्षांत 1,800, म्हणजे एका मुलामागे 20 रुपये. कॅमेरा केंद्रशाळेत ठेवावा आणि शिक्षण परिषदेच्या दिवशी पुढच्या महिन्याच्या पाळ्या ठरवाव्यात.

यात अडचण पैशांची नसून डेडस्टॉक रजिस्टरची असते. वस्तू एकदा त्या नोंदवहीत चढली की ‘मोडली तर भरून कोण देणार’ ही भीती शिक्षकाच्या मानेवर बसते, आणि मग कॅमेऱ्याला सगळ्यात सुरक्षित जागा कुलपाआडची वाटते. खरेदीच्याच बैठकीत शाळा व्यवस्थापन समितीकडून ठराव करून घ्या: वर्गात वापरताना झालेलं नुकसान शिक्षकाकडून वसूल केलं जाणार नाही. हा ठराव झाला नाही तर कॅमेरा घेऊ नका. अठराशे मुलांचा हिशोब कुलपाआड अठरावर येतो.

पालकांना आधी बोलवा. ‘यातून किरण निघतात का?’ हा प्रश्न येणारच. यातून काहीच निघत नाही. सगळ्याच वस्तूंमधून आपोआप बाहेर पडणारे अवरक्त किरण तो फक्त टिपतो. डोळ्यांना न दिसणारे हे किरण विल्यम हर्शेलने 1800 साली लोलक आणि साध्या तापमापकांनी शोधले. ‘कपड्यांच्या आरपार दिसतं का?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही, पण मनात असतो. तसं दिसत नाही. तरी अंगाला चिकटलेला कपडा तिथली ऊब दाखवतो आणि वाढत्या वयाच्या मुलींना ते अवघड वाटू शकतं. म्हणून कॅमेरा हात, चेहरा आणि वस्तूंवरच रोखायचा, तोही विचारून. कुणाला ताप आहे का हे वर्गासमोर पाहायचं नाही आणि चित्रं शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये ठेवायची नाहीत.

पुढे केडगावात मुक्ती सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा फ्रोबेलची बालोद्यान पद्धत, वस्तू हाताळत शिकण्याची रीत, त्या तिथे शिकल्या. वस्तू हाताळत शिकणं केडगावाला काही नवं नाही.

खरेदीला निघताना पिशवीत एक चकचकीत स्टीलचा पेला आणि काळ्या चिकटपट्टीचा तुकडा टाका. दुकानात पेल्याला बाहेरून पट्टी लावा, त्यात गरम चहा ओता आणि विक्रेत्याला कॅमेरा रोखायला सांगा. पट्टी तापलेली दिसेल, पेला थंड. का ते त्याने सांगितलं तर कोटेशन घ्या. ‘पीस खराब आहे, दुसरा दाखवतो’ म्हणाला, तर चहा पिऊन पुढच्या दुकानात जा.